साडूबुवा, तेवढी भूक परत करा

पुणे
रविवारनंतरचा पहिला भुकेला दिवस

प्रिय साडूबुवा,



पत्र उघडं लिहितोय, कारण बंद पाकीट तुम्ही उघडणार नाही आणि फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही. शिवाय गुन्हाही उघड्यावरच झाला आहे. राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 48 वर, दिवसाढवळ्या, चार साक्षीदारांसमोर. त्यातला एक साक्षीदार नऊ वर्षांचा आहे आणि तुमचाच चिरंजीव आहे, त्यामुळे एका आइस्क्रीमवर तो फितूर होईल. बाकीचे तिघे ठाम आहोत.

गुन्हा असा: कोल्हापूरला मिसळ खायला निघालेल्या माणसांना तुम्ही साताऱ्याच्या अलीकडे मिसळ खायला घातलीत.

हे मी रविवारपासून बऱ्याच जणांना सांगितलं. पुणेकर हसले. कोल्हापूरकर हसत नाहीत. आमच्या ऑफिसातल्या एका कोल्हापूरकराने हातातला चहा टेबलावर ठेवला आणि "कोण हाय त्यो?" एवढंच विचारलं. मी नाव सांगितलं नाही. शेवटी नात्याचं काहीतरी देणं लागतंच.

पण आधी तुमच्या तक्त्याबद्दल बोलू. तो तुम्ही तीन आठवडे खपून केलात आणि 'मिशन कोल्हापूर' नावाचा ग्रुप काढून त्यावर टाकलात. काय तो तक्ता! पिवळ्या रंगात नाश्ता, लाल रंगात मांसाहार, निळ्यात पेयं. खाण्याची अकरा ठिकाणं, प्रत्येकी वीस मिनिटं. मिसळ दोन ठिकाणी, "तुलनेसाठी". पार्किंगचा रकाना होता, स्वच्छतागृहाचा होता, 'फोटो कोण काढणार' असाही होता आणि त्यात सगळीकडे माझं नाव होतं. एकच रकाना नव्हता. भुकेचा. अकरा ठिकाणचं खाणं ज्या एका पिशवीत जायचं तिचं माप काय, हा प्रश्न तुमच्यासारख्या हिशेबी माणसाला पडू नये याचं मला अजून नवल वाटतं.

तारीख ठरवतानाची तुमची हुशारीही नोंदवून ठेवतो. पहिल्यांदा तुम्ही शनिवार सुचवलात, "रविवारी गर्दी असते" म्हणून. तांबडा-पांढरा ओरपायला शनिवार! आपल्या दोघांच्या सासुरवाडीत सोमवार, गुरुवार, शनिवार पातेल्यात मटण पडत नाही, हे तुम्हाला लग्नाला बारा वर्षं होऊनही कुणी सांगितलं नसेल तर कमाल आहे. मग तुम्ही बुधवार काढलात, तो संकष्टीचा निघाला. शेवटी रविवारच ठरला, आणि तो तुम्ही स्वतःच शोधून काढल्यासारखा जाहीर केलात.

"पहाटे साडेपाच म्हणजे साडेपाच," हा तुमचा निरोप शनिवारी रात्री आला, सोबत घड्याळाचं चित्र. मी पाच पंचविसाला गाडी घेऊन तुमच्या इमारतीखाली उभा होतो. वर गेलो तर तुम्ही बनियनवर, आणि गॅसवर पोहे. "रिकाम्या पोटी प्रवास करू नये, पित्त होतं." साडूबुवा, आपण खाण्यासाठीच निघालो होतो! सोबत रिकामं पोट न्यायचं हीच तर सगळी तयारी होती. अंघोळीला निघालेला माणूस आधी अंग ओलं करून घेतो का? पण सौभाग्यवतींनी वर खोबरं-कोथिंबीर पेरलेली बशी पुढे केली आणि मी खाल्ले. निघालो तेव्हा सात पस्तीस झाले होते.

पुणे ते कोल्हापूर सुमारे 230 किलोमीटर. चार टोलनाके: खेड शिवापूर, आनेवाडी, तासवडे, किणी. चारही वेळा फास्टॅग माझा वाजला, ते असो. साताऱ्याच्या पुढे सहापदरीकरणाची कामं चालू. मधूनच बाण दाखवून गाडी सर्व्हिस रोडवर उतरवतात आणि उसाच्या ट्रॅक्टरमागे उभी करतात. म्हणजे चार तास कुठे गेले नाहीत, साडेचार-पाचही लागतात. हे सगळं तुम्हाला माहीत होतं. तक्त्यात 'ट्रॅफिक बफर' असा शब्दच होता. तो बफर तुम्ही कशावर खर्च केलात, ते आता सांगतो.

खंबाटकी घाट उतरलो. पोहे अजून गळ्याशी होते. आणि तुम्ही, पुढच्या सीटवरचे वाटाडे, डावीकडे बोट करून म्हणालात, "इथे जरा थांबू. हलकं काहीतरी घेऊ."

त्या हॉटेलचं नाव घेत नाही. त्यांचा दोष नाही. कोल्हापूरला निघालेली भूक वाटेत अडवायची हा त्यांचा धंदा आहे आणि ते तो चोख करतात. बाहेर बैलगाडी, आत फेटेवाला पुतळा, भिंतीवर चुलीचं चित्र. तुम्ही फलकाकडे पाहिलंत आणि तुमच्या तोंडून ते तीन शब्द बाहेर पडले: "पाच मिसळ थाळी."

थाळी आली. मिसळीसोबत पाव, पापड, ताक, दही आणि एक जिलबी. रस्सा गोडसर. तुम्ही पहिला घास घेऊन डोळे मिटलेत आणि म्हणालात, "आता कोल्हापूरची खाल्ली की फरक कळेल." आहाहा! तुलनात्मक अभ्यास! त्या तर्काने लग्नाला निघालेल्या माणसाने वाटेत एक लग्न करून घ्यावं.

म्हणून एक साधी गोष्ट समजावून सांगतो. असल्या सहलीत गाडी पेट्रोलवर चालते, पण सहल भुकेवर चालते. पेट्रोल संपलं तर या रस्त्यावर थोड्या थोड्या अंतरावर पंप आहेत. भूक संपली तर पंप नाही. एका धडधाकट माणसाला दिवसात खऱ्या भुका तीन लागतात. तिशीनंतर अडीच. आपल्या वयाला दोन आणि थोडी चिल्लर. एवढंच भांडवल घेऊन आपण निघालो होतो, आणि तुम्ही त्यातली पहिली घसघशीत भूक सकाळी सव्वानऊला एका बैलगाडीच्या सजावटीसमोर उडवून मोकळे झालात. पुढे कराडला "चहा घेऊ" म्हणून उतरलो तर चहाबरोबर वडापाव आला. कृष्णा-कोयनेचा प्रीतिसंगम पाहायला वेळ नव्हता. वडापावाला होता.

कोल्हापुरात शिरलो तेव्हा एक वाजून वीस मिनिटं झाली होती. तक्त्यातल्या पहिल्या पिवळ्या ठिकाणी पोचलो, तर पोरगा बाकं पुसत होता. "मिसळ संपली की ओ. कट बी गेला." या शहरात मिसळ हा सकाळचा खेळ आहे. उद्यमनगरातलं फडतरे असो, बावडा मिसळ असो की खासबाग, पातेलं सकाळी चढतं आणि दुपारपर्यंत तळ दाखवतं. मटकीची उसळ, वर शेव-चिवडा, कांदा, कोथिंबीर, आणि त्यावर ओततात तो कट. सोबत पाव नाही, ब्रेडचे स्लाइस, कारण तो पातळ जाळ शोषायला स्लाइसच हवा. हे सगळं मी त्या पुसलेल्या बाकाकडे बघत तुम्हाला सांगत होतो. तुम्ही म्हणालात, "बरं झालं, मघाशी खाऊन घेतली."

बरं झालं!

त्या क्षणी मी गाडीची किल्ली रंकाळ्यात फेकायची होती. फेकली नाही, कारण परत यायचं होतं आणि किल्ली माझी होती.

मग आपण मटणाच्या खानावळीत गेलो. रविवार असल्याने बाहेर अर्धा तास नंबर लावून उभे होतो. कोल्हापूर मटणाच्या बाबतीत किती गंभीर आहे हे तुम्हाला सांगायला हवं: 2019 च्या अखेरीस मटणाचे दर वाढले म्हणून या शहराने आंदोलन केलं होतं. बाकीची गावं पाण्यासाठी आणि रस्त्यासाठी रस्त्यावर येतात. अशा गावात, अशा रांगेत उभं राहून तुम्ही खिशातून पित्ताची गोळी काढून चघळलीत. पुढच्या आजोबांनी वळून पाहिलं. मी तुम्हाला ओळखत नसल्यासारखा फलक वाचत राहिलो.

ताट आलं. आणि इथे मला जरा सावकाश लिहायचंय, कारण तुम्ही ते नीट पाहिलंच नाहीत.

सुकं मटण मधोमध, गडद तपकिरी. ज्वारीची भाकरी, तव्यावरून आत्ताच उतरलेली, पापुद्र्यातून वाफ सोडणारी. दोन वाट्या. एका वाटीत तांबडा: भाजलेलं सुकं खोबरं, तीळ आणि घरची कांदा-लसूण चटणी, वर लाल तवंग. दुसरीत पांढरा. मटण शिजलेल्या पाण्यात नारळाचं दूध, काजू-खसखशीचं वाटण आणि अख्खा मसाला. हळदीचा, लाल तिखटाचा स्पर्श नाही. दिसायला दुधासारखा भोळा, आणि दुसऱ्या घोटाला कानशिलं गरम करणारा. हा रस्सा भाकरीशी खात नाहीत, आधी वाटी तोंडाला लावून पितात. पोट त्याने जागं होतं. आणि इथली रीत अशी की हिशेब मटणाचा; रस्सा मागाल तेवढा.

वाढणाऱ्या मावशी रश्श्याचं भांडं घेऊन आल्या. माझी वाटी भरली, मुलाची भरली. तुमच्याजवळ आल्या आणि तुम्ही, साडूबुवा, तुम्ही वाटीवर तळहात ठेवलात.

मावशींनी हाताकडे पाहिलं, मग तोंडाकडे. "काय पावणं, बरं न्हाई व्हय?"

"नको, पोट भरलंय."

"आवो, रश्श्याला पोट कशाला लागतंय? त्यो पियाचा असतोय. थांबा, गरम आणतो." 

बाईमाणूस 'आणतो' म्हणाली म्हणून तुम्ही फिसकन हसलात. कोल्हापूरच्या बायका तसंच बोलतात आणि तुमच्यापेक्षा बरं बोलतात. मावशी गरम रस्सा घेऊन परत आल्या, तेव्हाही हात तिथेच होता. त्या काही बोलल्या नाहीत. भांडं घेऊन पुढच्या पंगतीकडे गेल्या. सगळं आयुष्य लोकांना 'अजून घ्या' म्हणण्यात गेलेल्या बाईला गप्प करायला फार मोठं कर्तृत्व लागतं. ते तुमच्याकडे आहे. अर्धी भाकरी, सगळं सुकं आणि दोन्ही रस्से ताटात टाकून तुम्ही उठलात आणि बडीशेप मात्र मूठभर घेतलीत.

जेवणानंतर तक्त्यात सात ठिकाणं शिल्लक होती. तुम्ही गाडीत सीट मागे टाकून झोपलात. घोरण्याला रकाना नव्हता, तरी दीड तास दिलात.

त्या दीड तासात आम्ही बाकीचे खासबाग मैदान पाहून आलो. शाहू महाराजांनी बांधलेलं, 1912 मधलं. चारही बाजूंनी उतरत जाणाऱ्या पायऱ्या आणि तळाशी लाल मातीचा आखाडा. कुठेही बसा, मल्ल दिसणारच. त्या पायऱ्यांवर बसून मला कळलं की हे शहर असं का खातं. इथलं खाणं तालमीतून आलं आहे. आधी घाम, मग दूध, मग मटण. आधी जोर-बैठकांनी भूक कमवायची आणि मग ती ताटात खर्चायची. आपण उलटं केलं. न कमावलेली भूक हायवेवर उधळली आणि आखाड्यापाशी कफल्लक होऊन पोचलो.

मैदानाजवळच राजाभाऊंची भेळ. तुमचा चिरंजीव "खायचीय" म्हणाला, आणि तीन घासांत "नको" म्हणाला. नऊ वर्षांच्या पोराला भेळ नको होते, ही काळजीची गोष्ट आहे. त्यानेही सकाळी जिलबी खाल्ली होती. तुमचीसुद्धा.

आणि मग शेवटचा घाव. पाच वाजता तुम्ही उठलात, घड्याळ पाहिलंत आणि म्हणालात, "चला, अंधाराच्या आत निघू." मी म्हटलं, अहो, गंगावेशीतला दूध कट्टा राहिला. संध्याकाळी म्हशी येतात, डोळ्यांसमोर धार काढतात, फेसाळलेलं कोमट दूध पेल्यात देतात, लोक कट्ट्यावर उभ्याउभ्या पितात. तक्त्यात आहे, निळ्या रंगात! यावर तुमचं उत्तर मी जसंच्या तसं लिहून ठेवलंय:

"दूध काय, आपल्याकडेही पिशवीत येतं."

यानंतर किणी टोलनाक्यापर्यंत गाडीत कुणी बोललं नाही. तासवड्याच्या पुढे तुम्ही पुन्हा गाडी थांबवायला लावून 'अस्सल कोल्हापुरी मसाला' विकत घेतलात. पाकिटामागे पत्ता भोसरीचा होता. आणि रात्री ग्रुपवर तुमचा निष्कर्ष आला: "कोल्हापूर ठीक. जेवढं ऐकलं तेवढं काही नाही."

साडूबुवा, तुम्ही कोल्हापूर खाल्लंच नाहीत. तुम्ही खंबाटकी खाल्लीत आणि शेरा कोल्हापूरवर मारलात.

आता, फिर्यादीने स्वतःचीही झडती द्यावी असा नियम आहे. देतो. त्या बैलगाडीच्या हॉटेलात मी ताट बाजूला सारू शकलो असतो. "मी थांबतो, तुम्ही खा" एवढे चार शब्द होते. ते म्हणालो नाही. मिसळ संपवली, ताक प्यायलो, आणि मेव्हणीच्या ताटातली जिलबीही खाल्ली. घरात पाचव्या मिनिटाला चिडणारा मी, गाडीत मात्र तुमच्या प्रत्येक थांब्याला मुकाट ब्रेक मारत गेलो, कारण साडूशी वाद म्हणजे दोन बहिणींचे फोन आणि तीन दिवसांचं वातावरण. तुम्ही भूक लुटलीत हे खरं. पण तिजोरी उघडून मीच दिली.

आणि एक गोष्ट तुम्हाला अजून माहीत नाही. खानावळीतून निघताना तुम्ही बडीशेपेत गुंतला होता, तेव्हा मी मावशींकडे गेलो. म्हटलं, पांढरा रस्सा बांधून द्याल का? त्यांनी पैसे घेतले नाहीत. मागच्या सीटखालच्या पाण्याच्या स्टीलच्या बाटलीतलं पाणी ओतून मी ती पुढे केली, त्यांनी गळ्यापर्यंत भरली आणि म्हणाल्या, "बारीक गॅसवर ठेवायचा, ढवळत ऱ्हायाचं. उकळी फुटू द्याची न्हाई, फाटतोय."

घरी पोचलो तेव्हा साडेअकरा वाजले होते. कपडे बदलले, आडवा झालो आणि बाराच्या सुमाराला पोटात काहीतरी हललं. सकाळपासून जिची वाट पाहत होतो ती आली होती. भूक. 230 किलोमीटर उशिरा. उठलो, छोटं पातेलं ठेवलं, गॅस अगदी बारीक केला आणि ढवळत उभा राहिलो. कडेला पहिला बुडबुडा दिसला तसा बंद केला. ओट्याशी उभं राहूनच वाटी तोंडाला लावली.

साडूबुवा, काय सांगू? कानशिलं तापली, नाकातून पाणी आलं. भाकरी नव्हती, मावशी नव्हत्या, शहर नव्हतं. तरी दिवसभरात मी कोल्हापूरला तेव्हाच पोचलो.

नेमका तेव्हा तुमचा फोन आला. "झोपलास का? मला रे भूक लागलीय. बाहेर काही उघडं असेल का?"

मी म्हटलं, "आता कुठलं!" आणि उरलेला रस्सा संपवला. एकट्याने. हा माझा गुन्हा, तो इथे कबूल करतो. आपला हिशेब मिटला.

म्हणून पुढचा तक्ता मी केला आहे. रंग नाहीत, ओळी तीनच. सकाळी पोचताच मिसळ, मग अंबाबाईचं दर्शन आणि न्यू पॅलेस, पायी जमेल तेवढं पायी. दुपारी दोनला तांबडा-पांढरा, मग रंकाळ्याची फेरी, गाडीतून नव्हे, पायांनी. संध्याकाळी गंगावेस, उभ्याने एक पेला, आणि परत. निघायची वेळ साडेपाच, पोहे रद्द. खंबाटकी ते किणी तुमच्या बाजूची काच वर राहील आणि डावीकडे बोट दाखवायला मनाई आहे.

आपला,
फास्टॅगचा मालक

ता. क. येताना घरून डबा आणू नका. एक स्टीलची किटली तेवढी आणा, मोठी. रिकामी. आणि तुम्हीही तसेच या.